हवामान बदलाच्या चिंतेकडून कामाकडे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

हवामान बदलाची एखादी बातमी वाचल्यावर पोटात गोळा येतो, रात्री झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी रोजच्या कामांच्या रगाड्यात ती भीती तशीच आत साचून राहते, असा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशी माणसे थोडी नाहीत. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना याविषयी विचारण्यात आले होते. त्यांपैकी ५९ टक्के तरुणांनी आपण खूप किंवा अतिशय चिंतेत असल्याचे सांगितले, आणि ४५ टक्क्यांहून अधिक तरुणांनी या भावनांमुळे रोजचे जगणे बिघडते असे नोंदवले.

ही चिंता म्हणजे मनाचा दुबळेपणा आहे असे समजून तिला हुसकावून लावण्याच्या मागे कोणी लागू नये, असे माझे ठाम मत आहे. धोका खरा आहे आणि मनाने तो ओळखला आहे. मात्र झोप, भूक किंवा काम दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, किंवा जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला असेल, तर पुढील सर्व पायऱ्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावे. ती मदत घेऊन मग या कामाकडे वळले तरी काहीही बिघडत नाही.

आधी चिंतेचा प्रकार ओळखा

एक साधी वही घ्या आणि सलग तीन दिवस, रोज दहा मिनिटे, या विषयाबाबत मनात जे येते ते जसेच्या तसे लिहून काढा. भाषा नीटनेटकी असण्याची गरज नाही. चौथ्या दिवशी ती पाने सावकाश वाचा आणि प्रत्येक वाक्यासमोर एकच शब्द लिहा : भीती, अपराधीपणा किंवा संताप.

भीती ही बहुधा कोणाविषयी तरी असते. वाढत्या उन्हाळ्यात वृद्ध आईचे काय होईल, मुलांच्या वाट्याला कोणते जग येईल, आपला भाग पाण्याखाली जाईल का, असे तिचे प्रश्न असतात. अपराधीपणा स्वतःच्या वागण्याकडे बोट दाखवतो : आपण गाडी वापरतो, विमानाने जातो, वीज उधळतो. संतापाचा रोख सत्ता आणि पैसा हाती असूनही वेळ घालवणाऱ्यांकडे असतो. या तिन्ही भावना आपण ‘चिंता’ या एकाच शब्दात कोंबतो आणि तेथेच घोटाळा होतो, कारण प्रत्येकीला उत्तर देणारे काम वेगळे आहे. भीतीला उत्तर मिळते ते संरक्षणाच्या कामातून, अपराधीपणाला स्वतःचा वापर कमी करण्यातून, आणि संतापाला सार्वजनिक कामातून.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षे चुकीचे काम करत होतो. माझ्या वहीत संताप भरलेला होता आणि मी मात्र घरातले दिवे मालवत फिरत होतो. दिवे मालवणे योग्यच होते, पण त्याने माझ्या मनाची तगमग कमी होण्याचे कारणच नव्हते. ज्यांना भीती वाटते अशी माणसे मोर्चाला जातात आणि घरी परतल्यावर तितकीच घाबरलेली असतात, हेही मी पाहिले आहे. म्हणून वहीत जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल, त्याच्या नावाचा भाग खाली आधी वाचा आणि पहिले तीन महिने तेवढेच काम करा.

पुरेसे विज्ञान जाणून घ्या

कामाला लागण्यासाठी हवामानशास्त्रात पारंगत व्हावे लागत नाही, परंतु चार गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात. काही वायू उष्णता अडवून धरतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजून दाखवले, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वान्ते अर्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आणि आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. वाढीचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणे हे आहे.

दुसरी गोष्ट अशी की तापमानवाढ ही आजवरच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या प्रमाणात होत जाते. याचा धीर देणारा अर्थही आहे. जगाचे कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडलेल्यातून काढून घेतलेला वजा जाता उरणारे, शून्यावर आले की त्यामुळे होणारी पुढील तापमानवाढ जवळपास थांबते. झालेली वाढ दीर्घकाळ टिकते आणि समुद्राची पातळीही शतकानुशतके चढत राहते, तरी ‘आता काहीही केले तरी तापमान आपोआप वाढतच जाणार’ ही समजूत बरोबर नाही.

तिसरी गोष्ट दीड अंशाच्या मर्यादेविषयीची आहे. २०१५ च्या पॅरिस कराराने वाढ दोन अंशांच्या बरीच खाली राखण्याचे आणि दीड अंशापर्यंत रोखण्याचे प्रयत्न करण्याचे ठरवले. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण ठरले, तेव्हा सारे संपले असा सूर अनेकांनी लावला. करारातील मर्यादा एका वर्षासाठी नसून अनेक वर्षांच्या सरासरीसाठी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दीड अंश हा कड्याचा काठ नव्हे. त्याच्या पलीकडेही प्रत्येक दशांशाला किंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांनुसार दीड अंशाला उष्ण पाण्यातील प्रवाळ ७० ते ९० टक्के नष्ट होतात आणि दोन अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक. पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता दीड अंशाला त्याच काळात सुमारे चार वेळा येते, तर दोन अंशांना पाच ते सहा वेळा. त्यामुळे अर्धा अंश वाचवण्यासाठी केलेले काम वाया जात नाही. दीड अंश ओलांडला गेला तर तोच न्याय पुढच्या अर्ध्या अंशालाही लागू होतो.

चौथी गोष्ट म्हणजे सर्वांचा वाटा सारखा नाही. आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालानुसार घरगुती उपभोगाशी निगडित उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्के वाटा जगातील वरच्या दहा टक्के कुटुंबांचा आहे, तर खालच्या निम्म्या कुटुंबांचा वाटा १३ ते १५ टक्केच आहे. आपण कोठे बसतो हे प्रामाणिकपणे पाहावे. अपराधीपणा त्या मापात असावा. त्याहून जास्त नको आणि कमीही नको.

बातम्यांसाठी आठवड्यातून एक ठरावीक वेळ राखून ठेवा. आयपीसीसीच्या अहवालांचा ‘धोरणकर्त्यांसाठीचा सारांश’ मूळ अहवालापेक्षा पुष्कळच आटोपशीर असतो. तो एकदा नीट वाचला तर रोजच्या शंभर मथळ्यांतून मिळत नाही एवढी समज येते.

अपराधीपणा असेल तर : मोठे काय आणि लहान काय

अपराधीपणाचा सर्वांत मोठा दोष असा की तो डोळ्यांसमोर दिसणाऱ्या लहान गोष्टींना चिकटतो आणि न दिसणाऱ्या मोठ्या गोष्टी सोडून देतो. यावर उपाय एकच आहे : मोजणे. मागील बारा महिन्यांची वीजबिले, वाहनाच्या इंधनाचा अंदाज, स्वयंपाकाचे इंधन आणि विमानप्रवास, एवढे वहीच्या एका पानावर मांडा. त्यासाठी चार-पाच आकडे लक्षात ठेवले तरी पुरते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो. केवळ कोळशावर तयार झालेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो धरता येतो. जेथे जलविद्युत, पवन किंवा सौर विजेचा वाटा मोठा आहे तेथे तो बराच कमी होतो.

आता तुलना करून पाहा. मोबाईल रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षभरात पाच-सहा युनिट वीज लागते. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण अर्धे युनिट लागते. म्हणजे मोबाईलची वर्षभराची वीज ही दहा-अकरा वेळा आंघोळीचे पाणी तापवण्याइतकीच आहे. चौघांच्या घरात प्रत्येकाने रोज एवढे पाणी विजेवर तापवले तर वर्षाला साडेसातशेहून अधिक युनिट खर्ची पडतात. चार्जर भिंतीत लावलेला राहिला म्हणून हळहळणाऱ्या घराने पाण्याच्या हिटरकडे पाहिलेलेच नसते, आणि सौर बंब किंवा उष्मा पंप (भोवतालच्या हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) बसवल्यास यातील मोठा भाग वाचू शकतो. उष्मा पंप साध्या हिटरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत तेच पाणी तापवतो.

पंख्यांचेही असेच आहे. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा सुमारे ३० वॅट. वर्षातून तीनशे दिवस, रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे ही बचत १३५ युनिटांची होते, आणि ती एकदा पंखा बदलल्यावर आपोआप होत राहते. मी याच प्रकारच्या बदलांना पहिला मान देतो, कारण रोज निर्धार करावा लागणारी बचत माणसाला थकवते, तर एकदा केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करते.

वातानुकूलकाबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो. दीड टनी यंत्र चालू असताना तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेते, त्यामुळे तापमान दोन-तीन अंश वर ठेवणे आणि सोबत पंखा लावणे उपयोगाचे आहेच. पण यंत्रात भरलेला शीतक वायू, म्हणजे खोलीतील उष्णता बाहेर नेणारा वायू, हा स्वतंत्र प्रश्न आहे. आर-४१०ए हा बराच वापरला गेलेला शीतक वायू शंभर वर्षांच्या हिशेबात त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता अडवतो. तो एक किलो गळून गेला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, म्हणजे साडेआठशेहून अधिक लिटर पेट्रोल जाळल्याइतके. आर-३२ या वायूचा परिणाम याच्या सुमारे एक तृतीयांश आहे आणि आर-२९० चा नगण्य. म्हणून दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर आधी गळती शोधून बुजवायला सांगा, जुने यंत्र काढताना वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेण्याचा आग्रह धरा, आणि नवे यंत्र घेताना त्यात कोणता वायू आहे हे पाटीवर वाचून घ्या. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रिअल करारात २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे केलेली दुरुस्ती आर-४१०ए आणि आर-३२ यांसारख्या वायूंसाठी आहे. ती पूर्णपणे अमलात आली तर शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची वाढ टळू शकते. तंत्रज्ञाला दोन वाक्ये विचारणे हे त्या मोठ्या कराराचे घरातले टोक आहे.

प्रवासाचा हिशेब सरळ आहे. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी रोज वीस किलोमीटर, वर्षातून अडीचशे दिवस चालवली तर सुमारे पाऊण टन उत्सर्जन होते. लांब पल्ल्याचा जाण्यायेण्याचा एकच विमानप्रवास प्रत्येक प्रवाशामागे एक टनाच्या घरात किंवा त्यापुढे जातो. विमानाने फिरणाऱ्याने वर्षातला एक प्रवास टाळला तर इतर अनेक लहान नियमांपेक्षा तो निर्णय भारी ठरतो. जो कधी विमानात बसलाच नाही त्याने या परिच्छेदाचे ओझे घेऊ नये.

अन्न वाया न घालवणे हे सर्वांच्या आवाक्यातले काम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांमधून. असा ओला कचरा कचराभूमीत हवेविना कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो, आणि हा वायू वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट प्रभावी आहे. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकत असल्यामुळे तो कमी केल्याचा परिणाम लवकर दिसतो. ओल्या कचऱ्याचे खत करताना त्याला हवा मिळेल अशी व्यवस्था ठेवावी. भांड्याला भोके नसतील आणि ढीग पालटला जात नसेल तर तेथेही तेच कुजणे सुरू होते. गुरांच्या पचनातूनही मिथेन सुटतो, त्यामुळे मांस आणि दुग्धपदार्थ भरपूर खाणाऱ्यांनी ते प्रमाण घटवणे हाही मोठा बदल आहे.

झाडे लावण्याबद्दल थोडे सावधपणे बोलतो. वाढलेले झाडही वर्षाकाठी साधारण पाच-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, आणि रोपाला तेथवर पोचायला अनेक वर्षे लागतात. म्हणून वापर आहे तसाच ठेवून रोपे लावणे हा तोडगा होत नाही. सावलीसाठी, जमीन धरून ठेवण्यासाठी, पक्ष्यांसाठी झाड अवश्य लावावे, पण तीन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी असेल तेवढीच रोपे लावावीत.

या पानावरून सर्वांत मोठ्या दोन नोंदी निवडा आणि या वर्षी तेवढ्याच हाती घ्या. ‘व्यक्तिगत कार्बन पदचिन्ह’, म्हणजे एका माणसाच्या वापरातून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब, ही कल्पना घरोघरी पोचवण्यात या शतकाच्या पहिल्या दशकातील एका मोठ्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा हात होता, हे ध्यानात असू द्यावे. हिशेब उपयुक्त आहे, परंतु त्यात गुंतून विजेचे धोरण कोण ठरवते हा प्रश्न विसरला जाऊ नये.

संताप असेल तर : एक मागणी, एक अधिकारी, एक तारीख

संताप हा कामाला सर्वांत जास्त बळ देणारा आहे आणि सर्वांत लवकर वाया जाणाराही आहे. माझे पहिले निवेदन चार पानांचे होते. त्यात अकरा मागण्या होत्या, ते एका स्थानिक कार्यालयाला दिले होते, आणि त्याचे उत्तर कधीच आले नाही. नंतर एका अनुभवी कार्यकर्त्या बाईंनी ते वाचून विचारले, “यातली कोणती गोष्ट या साहेबांच्या सहीने होते?” अकरांपैकी एकही होत नव्हती. त्या प्रश्नामुळे माझी कामाची पद्धत बदलली.

म्हणून पहिला आठवडा शोधात घालवा. तुम्हाला खुपणारी एक गोष्ट निवडा : शाळेच्या तापणाऱ्या वर्गखोल्या, सार्वजनिक इमारतीवरील रिकामे छत, बसच्या फेऱ्या, कचराभूमीला लागणाऱ्या आगी, पदपथ नसलेला रस्ता. मग तीन प्रश्नांची उत्तरे मिळवा. हा निर्णय नेमका कोणाच्या अधिकारात आहे? त्यासाठी पैसा कोणत्या अंदाजपत्रकातून येतो? ते अंदाजपत्रक किंवा आराखडा कधी ठरतो आणि त्यावर हरकती व सूचना देण्याची मुदत कोणती? अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर दिलेले उत्तम निवेदन पुढच्या वर्षापर्यंत पडून राहते, तर तयारीच्या महिन्यांत दिलेल्या साध्या पानभर अर्जाला जागा मिळू शकते.

निवेदन एका पानाचे असावे. उदाहरणादाखल मजकूर असा असू शकतो : “आपल्या अखत्यारीतील शाळेच्या छताला परावर्तक पांढरा रंग देण्याचे काम आगामी अंदाजपत्रकात समाविष्ट करावे, अशी विनंती आहे. वरच्या मजल्यावरील तीन वर्गांत दुपारी दोन वाजता घेतलेल्या तापमानाच्या दहा दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. याबाबत झालेला निर्णय या महिन्याच्या अखेरपर्यंत लेखी कळवावा.” यात मागणी एकच आहे, पुरावा स्वतः गोळा केलेला आहे आणि उत्तरासाठी तारीख आहे. दहा दिवस तापमापक घेऊन वर्गात जाणे हे कंटाळवाणे काम आहे, तरीही अधिकाऱ्याच्या मेजावर वजन पडते ते त्याच कागदाचे.

निवेदन दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी विचारणा करा आणि तेथे कोण काय म्हणाले ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. नकार आला तर तो लेखी मागा, कारण नकाराचे कारण कळले की पुढची मागणी त्यानुसार घडवता येते. लोकप्रतिनिधीला भेटायला एकट्याने जाण्यापेक्षा तिघांनी जावे. त्यांच्यातला एक जण त्या प्रश्नाने प्रत्यक्ष त्रासलेला असावा, आणि बोलण्याची सुरुवात त्यानेच करावी. होकार मिळाला तर आभाराचे पत्र जरूर द्यावे. कार्यालयातील ज्या कारकुनाने फाईल पुढे सरकवली त्याचे नाव त्यात आले तर पुढच्या कामात त्याचा फार उपयोग होतो.

सार्वजनिक काम म्हणजे केवळ सरकारकडे जाणे नव्हे. आपण जेथे नोकरी करतो त्या संस्थेचा विजेचा वापर एका घराच्या कितीतरी पट असतो, आणि तेथे खरेदीचा एक नियम बदलला तरी अनेक वर्षे परिणाम टिकतो. हिशेब ठेवणाऱ्याने इमारतीच्या वीजबिलांचा तक्ता मांडावा, शिक्षकाने पाठ तयार करावा, वायरमनने शेजाऱ्यांना योग्य यंत्र निवडायला मदत करावी, भाषा जाणणाऱ्याने उष्णतेच्या सूचना सोप्या शब्दांत लिहाव्यात. या कामासाठी नवी ओळख धारण करण्याची गरज नाही. असलेले कौशल्य पुरते. मत देताना उमेदवाराचे वीज, वाहतूक आणि पाणी या विषयांतील पूर्वीचे काम पाहावे, आणि आपली बचत किंवा निवृत्तिनिधी कोणत्या उद्योगांत गुंतवला जातो हेही कधीतरी विचारावे.

अशा प्रयत्नांनी काही होते का, असा प्रश्न मनात येणारच. ओझोनचा थर विरळ होत असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवले, लोकांनी त्याला कारणीभूत ठरणारे वायू असलेले फवाऱ्याचे डबे घेणे सोडले, सरकारांवर दबाव आला आणि १९८७ चा माँट्रिअल करार झाला. पुढे जगातील सर्व देश त्यात सामील झाले आणि आज तो थर सावरतो आहे. इंधनाचा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड आहे, हे खरे. तरीही २०१० नंतरच्या दशकात सौर विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, आणि तो काही आपोआप उतरला नाही. काही देशांतील नागरिकांनी आणि धोरणकर्त्यांनी ती वीज महाग असतानाच तिच्यासाठी जागा करून दिली होती.

भीती असेल तर : ज्यांची काळजी वाटते त्यांच्यापासून सुरुवात

ज्या माणसांसाठी जीव तुटतो त्यांची नावे वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर धोका लिहा : उष्णता, पूर, पाणीटंचाई, धूर. यांपैकी उष्णतेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, कारण ती पुरासारखी डोळ्यांना दिसत नाही. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, उन्हात राबणारे कामगार, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि एकटे राहणारे यांना तिचा धोका अधिक असतो.

तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत अशा पाच-सात जणांची यादी करा आणि त्यांच्या संमतीने प्रत्येकासाठी एक शेजारी नेमा. उष्णतेचा इशारा आला की त्या शेजाऱ्याने दिवसातून दोनदा, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन, विचारपूस करायची. रात्रीचे तापमानही पाहावे, कारण रात्री गारवा मिळाला नाही तर शरीर सावरत नाही. हवेचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेल्यावर केवळ पंख्याचा वारा शरीराला आणखी तापवू शकतो, त्यामुळे अशा वेळी अंग ओले करणे आणि थंड जागी जाणे आवश्यक ठरते. कोणी बरळू लागले, गोंधळले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

पुराच्या भागात महत्त्वाची कागदपत्रे जलरोधक पिशवीत ठेवणे, मुख्य वीजबटण घरातील प्रत्येकाला दाखवून ठेवणे आणि कोणत्या उंच जागी जायचे ते आधीच ठरवणे, ही एका संध्याकाळची कामे आहेत. हे काम उत्सर्जन कमी करत नाही म्हणून दुय्यम आहे, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आधीच झालेल्या वाढीचे चटके आज बसत आहेत, आणि ज्या गल्लीत लोक एकमेकांची दारे ठोठावायला शिकले आहेत तेथे पुढे कोणतेही काम उभे करणे सोपे जाते.

माणसे जोडताना

एकट्याने केलेले काम सहसा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबते. दोन माणसे मिळाली तरी पुरेत, आणि आधीपासून काम करणारा गट जवळ असेल तर नवा काढण्याऐवजी त्यात सामील व्हावे. पहिल्या बैठकीत व्याख्यान ठेवू नका. प्रत्येकाने आपल्याला काय खुपते ते दोन मिनिटे सांगावे, त्यातून एकच काम निवडावे आणि उठण्यापूर्वी कोणी काय कोणत्या तारखेपर्यंत करायचे ते इतिवृत्तात लिहावे. न पटणाऱ्या नातलगांशी वाद घालताना आकडे फेकण्यापेक्षा त्यांना आधीच जाणवलेला बदल विचारावा, म्हणजे पाऊस कसा होता, विहीर केव्हा आटायची, रात्री कशा असायच्या. बोलणे तेथून आपोआप पुढे सरकते.

आठवड्यातला एक दिवस या विषयापासून पूर्ण मोकळा ठेवा. जे थकले असतील त्यांनी महिनाभर बाजूला व्हावे आणि इतरांनी त्यांना जाब विचारू नये.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

पहिल्या तीन दिवसांत लिहिलेली पाने पुन्हा वाचा आणि पुढच्या कोऱ्या पानावर तीन नोंदी करा : किती युनिट किंवा लिटर कमी झाले, कोणत्या कागदाची पोच मिळाली, आणि कोणत्या माणसाची विचारपूस सुरू झाली. यांपैकी ज्या ओळीत काही लिहिता येईल तीच तुमची चालू वाट समजा. तिन्ही ओळी कोऱ्या राहिल्या तर काम बहुधा खूप मोठे निवडले गेले होते. ते निम्मे करून त्याच वहीत नवी तारीख घाला. त्यानंतर सलग तीन दिवस, दहा-दहा मिनिटे, पुन्हा लिहून पाहा आणि या वेळी कोणता शब्द जास्त वेळा येतो ते मोजा. तो बदललेला असेल, तर पुढच्या तीन महिन्यांसाठी त्याच्या नावाचा भाग उघडा.